कुलपाचे आयुष्य, गुपिताचे आयुष्य

मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक मागे टाकून मालेगावच्या दिशेने निघाले की सातमाळ्याच्या रांगेच्या कुशीत चांदवड लागते. रेणुकामातेचे देवस्थान आणि होळकरांचा रंगमहाल ही या गावाची सर्वांना ठाऊक असलेली ओळख. मात्र एके काळी चांदवडचे नाव घरोघरच्या कनवटीला होते ते आणखी एका कारणाने. येथे टांकसाळ होती आणि तीत पडणारा 'चांदवडी रुपया' भोवतालच्या मुलखात चालत असे. त्या रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचे होते, पाडणारे होळकर होते आणि त्याची खरी पारख करणारा होता बाजारपेठेतील सराफ. सराफ नाणे वाजवून पाही, तोलून पाही, प्रसंगी कडेला टोचा मारून आतली चांदी पाही. नाणे झिजले, जुने झाले की त्यावर बट्टा बसे. शिक्का एकदा उमटला म्हणजे विश्वासाचे काम कायमचे संपले, असे त्या व्यवहारात कोणीच मानीत नव्हते. प्रत्येक हातबदलाच्या वेळी विश्वास नव्याने तपासला जाई.

ती टांकसाळ इतिहासजमा झाली. पण विश्वासाचा शिक्का उमटविण्याचा व्यवसाय नाशिक जिल्ह्याने सोडलेला नाही. नाशिकरोड येथे १९२५ साली भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ साली चलार्थपत्र मुद्रणालय उभे राहिले. नोटा, मुद्रांक, टपाल तिकिटे आणि पारपत्रे यांवर देशाने जो विश्वास टाकला, त्याचा फार मोठा भाग या दोन आवारांतून बाहेर पडला आहे. आता त्याच प्रतिभूती मुद्रणालयात 'ई-पासपोर्ट' तयार होतात. २०२४ पासून आरंभी प्रायोगिक स्वरूपात दिल्या जाऊ लागलेल्या या पारपत्रात एक इवलीशी चिप असते. धारकाची माहिती तीत साठविलेली असते आणि त्या माहितीवर शासनाची डिजिटल स्वाक्षरी असते. कागद, शाई आणि जलचिन्ह यांची जागा आता गणिताने घेतली आहे. परदेशातील विमानतळावरील अधिकारी पारपत्र यंत्रावर ठेवतो, यंत्र स्वाक्षरीचे गणित पडताळते आणि 'हे पारपत्र भारत शासनाचेच आहे' असा निर्वाळा देते.

प्रौढ नागरिकाच्या पारपत्राची मुदत दहा वर्षांची असते. म्हणजे आज उमटलेला हा गणिती शिक्का आणखी दहा वर्षांनीही तितकाच अभेद्य राहिला पाहिजे. तो राहील काय? हा प्रश्न केवळ पारपत्राचा नाही. आपल्या बोटांचे ठसे, जमिनींचे उतारे, न्यायालयांचे निकाल, सैन्याचे संदेश हे सारे आज कूटलेखनाच्या कुलपात ठेवलेले आहे. त्यांतील काही गुपिते दहा वर्षांची, काही पन्नास वर्षांची, तर काही पिढ्यान् पिढ्यांची आहेत. कुलपाचे आयुष्य मात्र गुपिताच्या आयुष्याइतके असेलच, अशी हमी कोणी दिलेली नाही. नेमक्या याच प्रश्नाकडे आपले दुर्लक्ष होत आहे.

दीर्घकाळ गुपित राखण्याचा अनुभव आपल्या भूमीला नवा नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात हेरांच्या संज्ञालिपीचा उल्लेख आहे. परंतु मराठी माणसाने अभ्यासावे असे सर्वांत मोठे उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. श्रीचक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्रा'त संकलित केल्या. पुढच्या शतकात पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, वज्र अशा वीसहून अधिक लिप्या सांगितल्या जातात. ग्रंथांचे पावित्र्य राहावे, पाठात भेसळ होऊ नये, अनधिकाऱ्याच्या हाती ते पडू नयेत अशी अनेक कारणे अभ्यासकांनी दिली आहेत. कारण कोणतेही असो, ही व्यवस्था पाचशे वर्षांहून अधिक काळ टिकली. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा मराठीच्या आद्य गद्याचे एक संपूर्ण दालन महाराष्ट्राला दिसले.

आजच्या शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर सकळ लिपी हे दुबळे कुलूप होते. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, एवढीच तिची युक्ती. कोणते चिन्ह किती वेळा येते हे मोजून असे कूट फोडण्याची रीत नवव्या शतकातच बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवली होती. मग ते पाचशे वर्षे टिकले कसे? टिकले ते राखणीमुळे. पोथ्यांच्या प्रती मोजक्या होत्या, त्या मठांत होत्या, आणि वाचण्याची विद्या गुरूकडून शिष्याकडे समोरासमोर जात होती. कुलूप हलके, पण पहारा भारी! आज नेमकी उलटी अवस्था आहे. आपले कुलूप गणिताने अतिशय भारी केले आहे. पण कुलूपबंद पेटी मात्र आपण रोज भर चौकात ठेवतो. समुद्राखालच्या तारांतून, परदेशी संगणकांवरून, अनोळखी हातांतून ती फिरत असते आणि तिची हुबेहूब प्रत कोणीही ठेवून घेऊ शकतो. महानुभावांच्या अनुभवाची दुसरीही बाजू आहे. गुपित इतके घट्ट राखले गेले की खुद्द मराठी समाजच त्या वाङ्मयाला शतकानुशतके पारखा झाला आणि पंथाविषयी गैरसमज वाढले. दीर्घकाळ सुरक्षा म्हणजे नुसते बंद ठेवणे नव्हे. ज्याचा अधिकार आहे त्याला ते शंभर वर्षांनीही उघडता आले पाहिजे.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. 'आपण आपले स्वतःचे गुप्त कूट बनवू, त्याची रचनाच कोणाला सांगणार नाही, मग ते फोडणार कोण?' असे देशप्रेमाच्या भरात म्हटले जाते. भावना चांगली, पण मार्ग चुकीचा. १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने सांगून ठेवले की, कुलपाची रचना शत्रूला कळली तरी चालावी. गुप्त असावी ती फक्त किल्ली. रचनेचे गुपित एका फितुरासरशी संपते. किल्ली बदलता येते, रचना बदलायला वर्षे लागतात. म्हणून जगातील उत्तम कूटपद्धती जाहीर केल्या जातात, विद्वानांच्या हल्ल्यांना उघड्यावर सामोऱ्या जातात आणि त्यांतून तावून-सुलाखून निघालेल्याच वापरात येतात. स्वदेशीचा खरा अर्थ असा की, हे हल्ले करू शकणारे आणि परतवू शकणारे गणिती आपल्याकडे निर्माण व्हावेत. २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळसंख्या आहे की नाही हे झटपट व निश्चितपणे ओळखण्याची रीत जगापुढे ठेवली. ती त्यांनी लपवून ठेवली नाही, आणि म्हणूनच जगाने तिच्यापुढे मान लवविली.

गेल्या पन्नास वर्षांत 'अभेद्य' म्हणविणाऱ्या कुलपांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. दोन मोठ्या मूळसंख्यांचा गुणाकार करणे सोपे. पण गुणाकार हाती देऊन मूळ दोन संख्या शोधायला सांगणे अतिशय अवघड. या साध्या वाटणाऱ्या तत्त्वावर 'आरएसए' ही पद्धती १९७७ साली उभी राहिली. त्याच वर्षी तिच्या जनकांनी १२९ अंकी संख्येचे कोडे जाहीर केले आणि ते सुटण्यास लागणाऱ्या काळाचा जो अंदाज दिला, तो विश्वाच्या वयालाही मागे टाकणारा होता. ते कोडे १९९४ साली सुटले. सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावले आणि काही महिन्यांत उत्तर काढले. अब्जावधी वर्षांचे भाकीत सतरा वर्षांत कोसळले. अमेरिकी शासनाने १९७७ साली मान्य केलेल्या 'डीईएस' या कूटपद्धतीची तीच गत झाली. १९९८ साली खास बांधलेल्या एका यंत्राने तिची किल्ली तीन दिवसांच्या आत शोधून दाखविली. तात्पर्य हे की, गणित खोटे ठरले नाही. गणिताच्या भविष्याविषयीचा माणसाचा अंदाज खोटा ठरला.

आता याहून मोठे वळण समोर आहे. १९९४ सालीच पीटर शोर या गणितज्ञाने दाखवून दिले की, पुरेशा क्षमतेचा क्वांटम संगणक निर्माण झाला तर मूळसंख्यांचे हे कोडे अवघड राहणार नाही. असा संगणक आज अस्तित्वात नाही. परंतु २०१९ साली संशोधकांचा अंदाज होता की, आज प्रचारात असलेली २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला सुमारे दोन कोटी 'क्यूबिट' लागतील. २०२५ मध्ये हा अंदाज दहा लाखांच्याही खाली आला. यंत्र बांधणारे पुढे येत आहेत आणि यंत्राची गरजही कमी होत आहे. दोन्ही बाजूंनी अंतर कमी होत चालले आहे.

'यंत्र येईल तेव्हा पाहू' असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शत्रूला आज कुलूप उघडण्याची गरजच नाही. पेटीची प्रत आज घ्यायची, ठेवून द्यायची आणि किल्ली सापडेल त्या दिवशी उघडायची, हा त्याचा डाव असू शकतो. ही कल्पनेची भरारी नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील सोव्हिएत संदेश अमेरिकेने असेच साठवून ठेवले होते. ज्या किल्ल्या एकदाच वापरायच्या, त्यांचीच पाने पुन्हा छापली गेल्याने ते कूट उकलू लागले. १९४३ साली सुरू झालेले 'वेनोना' या नावाचे ते काम १९८० पर्यंत चालले आणि त्यातून हेरांची नावे एकामागून एक बाहेर आली. संदेश पाठविणाऱ्याला त्या दिवशी वाटले असेल की काम फत्ते झाले. पण शत्रूने त्याचे उत्तर पुढच्या पिढीत वाचले.

कॅनडातील गणितज्ञ मिकेले मोस्का यांनी यासाठी एक सोपा हिशेब सांगितला आहे. गुपित किती वर्षे राखायचे आहे, ही पहिली संख्या. साऱ्या यंत्रणेची कुलुपे बदलायला किती वर्षे लागतील, ही दुसरी. कुलूप फोडणारे यंत्र यायला किती वर्षे आहेत, ही तिसरी. पहिल्या दोहोंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असेल, तर आपल्याला आधीच उशीर झालेला आहे.

हा हिशेब आपल्या घराला लावून पाहू. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावातून 'आधार'चा प्रारंभ झाला. त्या वर्षी दहा वर्षांच्या असलेल्या मुलीने बोटांचे ठसे दिले असतील, तर ते ठसे २०७० सालीही तिचेच असतील. संकेतशब्द बदलता येतो, बँकेचे खाते बदलता येते. बोटे आणि डोळे बदलता येत नाहीत. नोंदणीची पाकिटे २०४८ बिटांच्या किल्लीने बंद केली जातात, असे प्राधिकरण सांगत आले आहे. आजच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्या गुपिताचे आयुष्य माणसाच्या आयुष्याइतके, त्याचे कुलूप आजच्या दृष्टीने निवडून कसे चालेल?

जमिनीच्या उताऱ्याची कथा थोडी वेगळी आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. चांदवड तालुक्यातील कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्याला तलाठ्याच्या दारी हेलपाटे न घालता उतारा मिळू लागला, हे निःसंशय चांगले झाले. सातबारा गुपित नाही. तेथे प्रश्न खरेपणाचा आहे. जमिनीचा दावा आजोबा लावतात आणि निकाल नातू ऐकतो, हा आपला अनुभव. स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राची मुदत मात्र दोन-तीन वर्षांची असते. २०५० साली न्यायालयात आजचा उतारा पुढे आला आणि तोवर त्याच्या स्वाक्षरीचे गणित फुटलेले असेल, तर खरा उतारा कोणता आणि काल रात्री बनविलेला कोणता, हे कोण सांगणार? सुदैवाने यावर उपाय आहे. जुने कुलूप कमकुवत होण्यापूर्वीच साऱ्या दस्तऐवजावर नव्या, भक्कम पद्धतीची कालमुद्रा उमटवायची. पुढे तीही जुनी होण्यापूर्वी तिच्यावर आणखी नवी. दफ्तरखान्यात जुना रुमाल विरण्याआधी दस्त नव्या रुमालात बांधीत, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, रुमाल फाटल्यावर बांधून उपयोग नाही. खरेपणा वेळेत नूतनीकरण करून राखता येतो. एकदा फुटलेले गुपित मात्र कोणत्याही उपायाने पुन्हा गुपित होत नाही. म्हणून गुपितांची कुलुपे आधी बदलायला हवीत.

सुरक्षेचे आयुष्य संपते तेथे निष्काळजीपणा कसा शिरतो, याचा धडा नाशिकनेच देशाला दिला आहे. अब्दुल करीम तेलगी याला २००१ मध्ये अटक झाली आणि बनावट मुद्रांकांचे ते अवाढव्य प्रकरण बाहेर आले. त्याने काही विलक्षण तांत्रिक शोध लावला नव्हता. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयातून मोडीत काढलेली यंत्रे त्याच्या हाती पोहोचली होती. मुद्रांकाचा कागद आणि शाई यांची काळजी घेणाऱ्या व्यवस्थेला निवृत्त यंत्राची काळजी घ्यावी लागते याचा विसर पडला. आजच्या काळात मोडीत निघालेले यंत्र म्हणजे जुना संगणक, जुनी डिस्क, मुदत संपलेली किल्ली. एखाद्या कार्यालयात साहेबाच्या डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल ऑपरेटरच्या खणात आणि त्याचा पिन खणावर चिकटविलेल्या चिठ्ठीवर असेल, तर तेथे क्वांटम संगणकाची वाट पाहण्याचे शत्रूला कारणच उरत नाही. दीर्घकाळची सुरक्षा जितकी गणितात, तितकीच शिस्तीत आहे.

नवी कुलुपे तयार होत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या तीन पद्धतींची मानके प्रसिद्ध केली, आणि २०३५ नंतर जुन्या पद्धती वापरातून काढाव्यात असा मसुदा मांडला. पण येथेही डोळे मिटून चालणार नाही. त्याच स्पर्धेत पुढच्या फेरीपर्यंत पोहोचलेली 'साइक' ही पद्धती २०२२ साली दोन संशोधकांनी साध्या संगणकावर सुमारे तासाभरात फोडली. नवे म्हणजे चिरंतन नव्हे. म्हणून एकच एक अमर कुलूप शोधण्याच्या नादी न लागता, कुलूप बदलले तरी दार आणि भिंत तोडावी लागणार नाही अशी घराची रचना करणे हाच शहाणपणा आहे.

आपल्या शासनाने या दिशेने काहीच केले नाही, असे नाही. २०१२ मध्ये देशातील डिजिटल स्वाक्षऱ्या जुन्या पद्धतीवरून अधिक भक्कम पद्धतीवर नेण्यात आल्या. एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर झाले. मात्र क्वांटम यंत्र बांधणे वेगळे आणि तलाठी कार्यालयापासून संरक्षण खात्यापर्यंत कुलुपे बदलणे वेगळे. पहिल्यात कीर्ती आहे, छायाचित्रे आहेत. दुसरे काम कंटाळवाणे आहे, त्याचे उद्घाटन होत नाही. म्हणूनच त्याची मागणी समाजाने केली पाहिजे. प्रत्येक खात्याने आपल्याकडील माहिती किती वर्षे राखायची आहे आणि ती कोणत्या कुलपात आहे याची यादी करावी, कुलूपबदलाची तारीख ठरवावी आणि त्यासाठी दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद करावी. खरेदीच्या निविदेत 'कूटपद्धती पुढे बदलता आली पाहिजे' ही एक अट घातली, तरी उद्याचा मोठा खर्च वाचेल. चांदवडपासून चंद्रपूरपर्यंत गावोगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आज हजारो मुले संगणकशास्त्र शिकत आहेत. त्यांतील शेकडाभर जणांना जरी या गणिताची गोडी लागली, तरी सराफांची एक नवी पिढी उभी राहील.

आणि आपण? आपल्यातील अनेक जण पतसंस्था चालवितात, शाळा चालवितात, रुग्णालये आणि सेवाप्रकल्प चालवितात. आपल्या कपाटात आणि संगणकात हजारो कुटुंबांची माहिती पडून आहे. तिच्यातील खरोखर किती लागते? जी माहिती गोळाच केली नाही, ती फुटत नाही. जी काम संपताच नष्ट केली, ती पन्नास वर्षांनी कोणाच्या हाती लागत नाही. हे कुलूप सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दीर्घायुषी आहे. उरलेल्या माहितीची जबाबदारी नावानिशी एका माणसाकडे असावी आणि तो पदावरून उतरताना किल्ल्यांचा ताबा लेखी देऊन-घेऊन, जुन्या किल्ल्या रद्द करूनच उतरावा. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हिशेबतपासणीच्या खाली हा एक विषय प्रत्येक संस्थेने घालावा. आपल्यावर विश्वासून ज्यांनी आपली माहिती आपल्या हाती दिली, त्यांचे हे आपल्यावरील ऋण आहे.